थंडीत ट्रक का रुसतो?

गेल्या प्रजासत्ताक दिनाची सकाळ तुमच्यापैकी अनेकांच्या लक्षात असेल. शाळेचा जुना छोटा डिझेल ट्रक खुर्च्या आणि लाउडस्पीकर घेऊन मैदानावर जायचा होता. ग्वाल्हेरची जानेवारीतली पहाट, अंगणातली गवताची पाती दवाने भिजलेली. ड्रायव्हर काकांनी चार-पाच वेळा सेल्फ मारला. मागून पांढरा धूर आला, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झाले. शेवटी मोठ्या वर्गातल्या मुलांनी खुर्च्या डोक्यावरून नेल्या. ध्वजवंदन वेळेवर झाले, पण काकांना बरीच बोलणी खावी लागली. 'गाडी आता भंगारातच काढा' असेही काहींनी सुचवले. डिसेंबरात नवी बॅटरी घातली होती, तरी दुखणे तेच होते. मग आम्ही विज्ञान प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घेऊन गाडीपाशी गेलो. त्यातून जे कळले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे देत आहोत.

हीटर प्लग कशासाठी?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती काही शे अंश तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. आपल्या ट्रकसारख्या जुन्या लहान इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता त्याला जोडलेल्या एका छोट्या कोठडीत फवारतात. थंडीत या कोठडीच्या गार भिंती हवेची उष्णता शोषून घेतात. डिझेल पेटत नाही, त्याची नुसती वाफ होते. तोच तो पांढरा धूर. म्हणून प्रत्येक कोठडीत बोटाएवढी एक विजेची शेगडी बसवलेली असते. तिला पुस्तकात ग्लो प्लग आणि गॅरेजमध्ये हीटर प्लग म्हणतात. किल्ली फिरवल्यावर काही सेकंदांत तिचे टोक लालभडक होते आणि डिझेलला पेट घ्यायला आधार मिळतो. मोठ्या ट्रकांच्या बऱ्याच जुन्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांना हे प्लग नसतात.

दोष प्लगचाच आहे का?

आधी लक्षणे पाहावीत. सकाळी गाडी अडते, पांढरा धूर सोडते, कशीबशी सुरू झाली तर मिनिटभर लंगडत चालते. पण दुपारी गरम इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होते. असे असेल तर संशय हीटर प्लगवर घ्यावा. गरम असतानाही गाडी अडत असेल तर दुखणे वेगळे आहे. सेल्फ मारताना धूर अजिबातच येत नसेल तर बहुधा डिझेलच पोहोचत नाही. फिल्टर आणि नळ्यांत शिरलेली हवा आधी तपासावी.

तपासणीचा क्रम

पहिली बॅटरी. स्वस्थ, भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही आणि हवा तापत नाही. आमची बॅटरी ठीक होती. जुनी बॅटरीही बहुधा ठीकच असावी. रोज सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याने ती बिचारी उतरत होती.

दुसरा प्रवाह. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याच्या चित्राचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून प्लग तापले असे समजू नये. अनेक जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. कोणीतरी किल्ली फिरवावी आणि त्याच वेळी प्लगच्या टोकावर व्होल्ट मोजावेत. बॅटरीच्या जवळपास आकडा आला तर रिले आणि फ्यूज बरे आहेत. काहीच आले नाही तर दोष प्लगच्या अलीकडे आहे. फ्यूज, रिले, गंजलेली जोडणी पाहावी. आम्हाला ११.४ व्होल्ट मिळाले.

तिसरा, प्रत्येक प्लग. येथे दहावीचा धडा कामाला येतो. चारही प्लग एका पत्र्याच्या पट्टीने समांतर जोडलेले असतात. पट्टी तशीच ठेवून मोजले तर एक चांगला प्लग इतरांचा दोष झाकतो. म्हणून किल्ली बंद करून पट्टी काढावी आणि प्रत्येक प्लगचे टोक व इंजिनाचा धातू यांमधला रोध मोजावा. चांगला थंड प्लग साधारण एक ओहमच्या आत-बाहेर दाखवतो. आमच्या पहिल्या आणि चौथ्या प्लगचा रोध ०.८ आला. दुसऱ्या-तिसऱ्याचा अनंत, म्हणजे आतली तार तुटलेली. चारपैकी दोनच शेगड्या पेटत होत्या!

ओहमचा नियम लावून पाहा: १२ व्होल्ट भागिले ०.८ ओहम म्हणजे १५ अँपिअर. चार प्लगचे ६० अँपिअर, म्हणजे ६० वॉटच्या बारा हेडलाइटइतका भार. प्लग तापला की रोध वाढून प्रवाह कमी होतो, पण सुरुवातीचा हा भार किल्लीच्या बारीक तारांना झेपत नाही. म्हणूनच मध्ये रिले लागतो. चारही प्लग एकदम गेले तर रिले चिकटून राहिला नाही ना, हे पाहूनच नवे बसवावेत. नाहीतर तेही जळतील.

बदलताना

प्लग एकाच वयाचे असल्याने आम्ही चारही बदलले. इंजिन थोडे कोमट असताना, गंज सोडवणारे तेल घालून, हळूहळू सैल करत काढावेत. जोर केला तर प्लग मोडून टोक आतच राहते. काढलेल्या प्लगचे टोक जळून फुगले असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टरही तपासून घ्यावा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. हवेच्या तोंडाशी जळते फडके धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे ही सवय घातक आहे. तापलेल्या प्लगवर ईथर वेळेआधी पेटतो, पिस्टन मोडू शकतो, भडका उडून माणूस भाजू शकतो. दुसरे, नव्या गाड्यांत काही प्लग कमी व्होल्टचे असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट देऊन पाहू नये. आणि विद्यार्थ्यांनो, हे काम मोठ्यांच्या देखरेखीशिवाय करायचे नाही.

प्लग बदलल्यावर दुसऱ्या दिवशी, तितक्याच थंडीत, काकांनी किल्ली फिरवली, दिवा विझेपर्यंत थांबले आणि पहिल्याच सेल्फला ट्रक सुरू झाला. चार प्लगांचा खर्च त्या नव्या बॅटरीपेक्षा कितीतरी कमी आला. आधी मोजले असते तर बॅटरीचे पैसे वाचले असते आणि काकांना ऐकून घ्यावे लागलेले शब्दही. पैसे गेले ते गेले. काकांची मात्र आम्ही सर्वांनी माफी मागितली.