सॉक्रेटिसच्या कानात कोण बोलायचं?

दोस्तांनो, ओळखा पाहू! पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या डोंगरांत गोंडांना रानातल्या देवाची पूजा करायची असली, की ते कुणाला बोलावतात?

कोलामांना! त्यांना ते चक्क 'पुजारी'च म्हणतात.

हे कोलाम आपल्या घाटंजी तालुक्यातही राहतात. त्यांची छोटीशी वस्ती म्हणजे पोड. गोंड त्यांनाच का बोलावतात? तर कोलाम या मुलखातले फार जुने रहिवासी. म्हणून इथल्या देवांशी त्यांची ओळखही जुनी!

मुख्याध्यापकांकडे जायचं म्हटलं, की आपल्या पोटात गोळा येतो ना? मग आपण मॉनिटरला पुढे करतो. तस्संच हे!

आता गंमत ऐका. दूरच्या ग्रीस देशातही असे मॉनिटर होते! पण ते कुणाला दिसायचे नाहीत. त्यांचं नाव डायमॉन. देवांहून लहान, माणसांहून मोठे. प्लेटो नावाच्या तत्त्वज्ञाच्या 'सिम्पोझियम' या पुस्तकात डिओटिमा नावाची एक हुशार बाई आहे. ती सांगते, माणसांची प्रार्थना डायमॉन वर पोचवतात आणि देवांचा हुकूम खाली आणतात.

हे डायमॉन आले कुठून? हेसिअड नावाचा खूप जुना कवी म्हणतो, सोन्याच्या युगातली भली माणसं मेल्यावर डायमॉन झाली आणि आपली राखण करू लागली. आणि गोंड काय मानतात, माहितीये? गेलेलं माणूस विधी झाल्यावर आपल्या कुळाच्या पेनात, म्हणजे देवात, मिसळतं. कुठे ग्रीस, कुठे आपले डोंगर!

पण सगळ्यात भारी गोष्ट आहे प्लेटोच्या गुरूची, सॉक्रेटिसची. त्याला लहानपणापासून डायमॉनसारखा एक दैवी आवाज ऐकू यायचा. तो काय म्हणायचा? "हे कर"? छे! कधीच नाही! तो फक्त "नको" म्हणायचा. राजकारणात पडू नको. हे बोलू नको. अगदी बारीकसारीक गोष्टीतही अडवायचा!

इसवी सनपूर्व 399 मध्ये अथेन्स शहरात सॉक्रेटिसवर खटला भरला. एक आरोप काय होता, सांगू? हा शहराचे देव सोडून नवीनच दैवी गोष्टी आणतो!

शिक्षा झाली मरणाची. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. आणि तो आवाज? सकाळी घरातून निघताना गप्प. कोर्टात शिरताना गप्प. भाषण करतानाही गप्प!

सॉक्रेटिस घाबरला? अजिबात नाही! त्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला: एरवी उठसूट अडवणारा आवाज आज एकदाही "नको" म्हणाला नाही, म्हणजे मरण काही वाईट नसणार!