अंगावरून वारे गेल्यानंतर
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या धावड्याकडे कुणाला पक्षाघाताचा झटका आला, की 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणतात. वारे निघून जाते. मागे राहिलेल्या माणसाचे काय करायचे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या डाव्या अंगावरून असेच वारे गेले. मी कला शाखेचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. तरीही तिच्या शुश्रूषेत जे समजले, ते वाचकमित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले काही आठवडे आजीचा हात ओल्या फडक्यासारखा लोळत पडे. पुढे हळूहळू कोपर दुमडले, मनगट आत वळले, मूठ आवळली गेली. शेजारची मंडळी हात दाबून पाहत आणि म्हणत, "हातात ताकद आली, आता भेव नाही." आम्हालाही तसेच वाटले. तीन महिने आम्ही तिला घास भरवले, हात छातीशी ठेवून तिला पडून राहू दिले. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले, तेही केले. एवढ्या अवधीत तिची नखे तळव्यात रुतू लागली. मी रोज झटका देऊन मूठ उघडीत असे. जितक्या जोराने ओढावे तितकी ती घट्ट होई. मला वाटे, म्हातारी हट्ट करते. एकदोनदा मी तिच्यावर ओरडलोही. त्याची आज लाज वाटते.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे तिला नेले. त्यांनी तो हात सावकाश हाती घेतला आणि मला म्हणाल्या, "बाळा, मूठ त्या आवळत नाहीत, ती आपोआप आवळली जाते. तू झटका देतोस ना, त्यानेच ती जास्त आवळते."

ह्यामागचे शास्त्र असे. स्नायू एकाएकी ताणला, की तो आपणहून आकसतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो ह्याच गुणाने. ही क्रिया पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून घडते. मेंदू तिला आवरून धरतो. जसा गाडीवान कासरा धरून बैलांना आवरतो. पक्षाघातात मेंदूचा काही भाग रक्तावाचून किंवा रक्तस्रावाने निकामी होतो आणि तिथून येणारा कासरा सुटतो. मग जरा ताण पडला तरी स्नायू आकसतो. अशा प्रतिक्षिप्त क्रियांचा पाया घालणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टन ह्यांना 1932 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे 1980 साली जेम्स लान्स ह्यांनी ह्या ताठरपणाची व्याख्या केली. तिचा गाभा असा, की ताण जितका वेगाने द्यावा तितका विरोध वाढतो. म्हणजे आमच्या घरातली सारी झोंबाझोंबी त्या व्याख्येत आधीच सांगितलेली होती!

मग करावे काय? बाईंनी शिकवलेल्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट ठेवणीची. हात छातीशी दुमडून न ठेवता उशीवर, शरीरापासून थोडा दूर, बोटे मोकळी राहतील असा ठेवावा. उठवताना दुखऱ्या हाताला किंवा काखेला धरून ओढू नये. खांदा सैल झालेला असतो, तो निखळू शकतो.

दुसरी गोष्ट सावकाश ताणण्याची. मूठ उघडण्यापूर्वी मनगट आतल्या बाजूला वाकवावे, म्हणजे बोटे सैल होतात. मग अंगठा बाहेर काढावा, बोटे उलगडावीत आणि शेवटी मनगट हळूहळू सरळ करावे. मनात साठ आकडे मोजेपर्यंत तसेच धरावे. पायाचेही तसेच. चवडा खाली वळून ताठ होतो, म्हणून असा माणूस अर्धवर्तुळ काढीत चालतो. टाच तळहातात धरून पाऊल नडगीकडे हलकेच दाबावे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हात कामाला लावण्याची. नुसत्या ताणण्याने फारसे साधत नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. आम्ही आजीला रबरी चेंडू दाबायला दिला होता. बाई म्हणाल्या, "मूठ आधीच घट्ट आहे, तिला उघडायचा सराव हवा." तेव्हापासून आजी कापसाचे बोंड धरते आणि टोपलीत सोडते. तिला धरण्यापेक्षा सोडणेच अवघड जाते.

आणखी एक. ताठरपणा अचानक वाढला, तर बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, शय्याव्रण किंवा कुठे दुखणे नाही ना, हे पाहावे. फारच त्रास असेल तर बॅक्लोफेनसारख्या गोळ्या किंवा स्नायूत बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन डॉक्टर देतात. पण व्यायाम त्यानंतरही चालू ठेवावाच लागतो.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. भारतातील पहिली फिजिओथेरपीची शाळा 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातच निघाली आणि 1955 साली हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. मुंबईपासून आमच्या ओसरीपर्यंत यायला तिला फार वर्षे लागली, एवढेच. खेड्यातल्या माणसाला रोज दवाखान्यात जाणे जमत नाही. उपचार मात्र रोज हवा. तेव्हा शिकून घेऊन तो घरच्यांनीच करायचा असतो. रा. से. यो. च्या शिबिरात आपण गावचे रस्ते झाडतो. एखादी दुपार फिजिओथेरपिस्टला बोलावून घराघरांतल्या माणसांना हे शिकवता आले, तर माझ्यासारखी चूक आणखी चार घरांत टळेल. आपले प्राध्यापक ह्याचा विचार करतील, अशी आशा आहे.

आजीचा हात पूर्ववत झालेला नाही; होईल असे बाईंनी कधी म्हटलेही नव्हते. पण तळव्यातली जखम भरली आहे. जेवताना ती डाव्या हाताने ताटाची कड धरते आणि उजव्या हाताने भाकरी मोडते. परवा मी घास भरवायला गेलो, तर म्हणाली, "राहू दे रे बाबा, माझी मी जेवते."