व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम सहा महिन्यांचा!

लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या आईच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो. घरचे निर्धास्त होतात आणि घोळ तिथेच होतो. व्हिसावर फक्त दारापर्यंत जाता येतं. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. पण पासपोर्टच चार महिन्यांत संपणार असेल, तर मुक्कामही तेवढ्यावरच कापला जाऊ शकतो. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपली आपण बघायची असते. म्हणूनच ती बघायची राहून जाते.

त्या तारखेवर एक दिवस जरी चढला, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द! १८० दिवसांहून जास्त राहून परतलात, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात, तर दहा वर्षं. हा १९९६चा कायदा. म्हणजे नातवाचं बारसं करून वर्षभर जास्त राहिलेली आजी त्याच्या मुंजीलाही जाऊ शकत नाही. मुक्काम वाढवायचाच असेल, तर तारीख उलटण्याआधी रीतसर अर्ज करता येतो.

युरोपचं गणित वेगळं. सामाईक व्हिसा असलेल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस. पोहोचल्याचा दिवस मोजायचा, निघाल्याचाही मोजायचा. रात्री ११.५०ला उतरलात, तरी तो अख्खा एक दिवस धरला जातो. पूर्वी हा हिशोब शिक्क्यांवरून व्हायचा. १२ ऑक्टोबर २०२५पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली. शिक्का पुसट होता, दिसला नाही, ही सबब आता चालायची नाही.

थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दंड दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट. म्हणजे चाळिसाव्या दिवशी दंडाचं मीटर थांबतं. त्यावर विसंबून राहू नका, कारण ९० दिवस उलटले की प्रवेशबंदी लागते. बालीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, इंडोनेशियात दंड दिवसाला १० लाख रुपिया, आणि ६० दिवसांनंतर थेट हकालपट्टी.

सिंगापूर फारच कडक. ९० दिवसांहून जास्त बेकायदा राहिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि वेताचे किमान तीन फटके! स्त्रियांना आणि पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना फटके नाहीत, त्यांना त्याऐवजी ६,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड.

एक गोष्ट मात्र अनेक देशांत सारखी दिसते: स्वतःहून पुढे आलेल्याला सवलत, पकडलेल्याला जबर शिक्षा. थायलंडमध्ये वर्षाच्या आत स्वतः हजर झालात, तर जास्तीत जास्त एक वर्ष बंदी. पोलिसांनी धरलं, तर पाच वर्षं. जपानमध्येही एक आणि पाच असाच फरक पडतो. आखातात राबणाऱ्या आपल्या कोकणातल्या माणसांनी हे नीट ध्यानात ठेवावं. अमिरातीत दंड दिवसाला ५० दिरहॅम, वर्षाचे १८,२५० होतात. पण सप्टेंबर ते डिसेंबर २०२४मध्ये तिथल्या सरकारने माफी योजना काढली होती. त्यात दंड माफ झाला, आणि मायदेशी परतणाऱ्यांवर पुन्हा येण्याची बंदीही घातली नाही. एजंटाच्या भरवशावर लपून राहण्यापेक्षा भारतीय दूतावासात जाऊन विचारणं केव्हाही बरं.

आपल्याकडेही हे प्रकरण सोपं नाही. १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार मुदत संपूनही राहणाऱ्या परदेशी नागरिकाला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गोव्यात हिवाळा काढायला आलेल्या रशियन पाहुण्यालाही तोच नियम.

तेव्हा अमेरिकेतल्या मुलांनो, आई-बाबांना विमानतळावरून घरी आणाल त्याच रात्री त्यांची आय-९४ उघडा, तारीख फ्रिजवर चिकटवा आणि परतीचं तिकीट तिच्या किमान आठवडाभर आधीचं ठेवा.