हृदयाचा स्नायु आणि व्यायामाचे प्रकार

पहाटे जुहूच्या किनाऱ्यावर गेलें असतां ओहोटीच्या ओल्या, टणक वाळूवरून झपझप चालणारे वृद्ध दिसतात, लांबवर धांवत जाणारे तरुण दिसतात, आणि एखादा दंड-बैठका काढणारा किंवा वजनें उचलणाराहि दृष्टीस पडतो. घाम सर्वांनाच येतो. म्हणून व्यायाम कोणताहि केला तरी हृदयास तो सारखाच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. हृदय हाहि एक स्नायुच आहे, आणि त्यावर ज्या जातीचा भार पडेल त्याप्रमाणें तें घडत जातें.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचें हृदय मिनिटास सुमारें ७० ठोके देतें व दर ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त पुढें ढकलतें. म्हणजे मिनिटास जवळजवळ ५ लिटर. चालणें, धांवणें, पोहणें या व्यायामांत मोठ्या स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तास वाट मोकळी होते, तें अधिक प्रमाणांत हृदयाकडे परत येतें, आणि जोराच्या श्रमांत सामान्य तरुणाचें हृदयहि मिनिटास २० लिटरपर्यंत रक्त फेकूं लागतें. हा भार रक्ताच्या परिमाणाचा. महिनोन्महिने तो पडत राहिला म्हणजे हृदयाची डावी पोकळी मोठी होते व तिची भिंतहि त्या मानानें भक्कम होते. विहिरीवरची मोट मोठी असली म्हणजे तितकेंच पाणी काढावयास खेपा कमी लागतात. त्याच न्यायानें लांब पल्ल्याच्या धांवपटूंची नाडी स्वस्थ असतां ४० ते ५० इतकीच भरूं शकते. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील ललिता बाबर यांनीं २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गांठली. त्यांची मेहनत या जातीची.

जड वजन उचलण्याची गोष्ट निराळी. ताठ झालेला स्नायु आपल्यांतीलच रक्तवाहिन्या दाबून धरतो. त्यांत श्वास कोंडला तर छातींतील दाबहि भर घालतो. रक्ताचा दाब एरवीं १२०/८० च्या आसपास असतो. परंतु १९८५ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं पायांनीं जड वजन रेटणाऱ्या पांच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनींतील दाब मोजला, तेव्हां त्याची सरासरी ३२०/२५० भरली. येथें अधिक रक्त ढकलावयाचें नसून अर्धवट बंद नळांतून तें रेटावयाचें असतें.

१८९९ सालीं स्वीडनमधील डॉक्टर हेन्शेन यांनीं केवळ छातीवर बोटांनीं ठोकून, बर्फावरील शर्यतपटूंचें हृदय मोठें असतें हें ओळखलें होतें. १९७५ सालीं अमेरिकेंत मॉर्गनरॉथ व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयें तपासलीं. धांवणाऱ्यांची व पोहणाऱ्यांची पोकळी मोठी आढळली. कुस्तीगीर व गोळाफेक करणारे यांची पोकळी नेहमीएवढीच, पण भिंत जाड आढळली. हा भेद इतका काटेकोर नाहीं, असें पुढील संशोधनानें दाखविलें. कारण बहुतेक खेळांत दोन्ही भार मिसळलेले असतात. १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव ज्या कुस्तीचे मल्ल, तींत पकडीचा ताणहि असतो आणि दमसासाची कसोटीहि असते.

मग वाढलेलें हृदय हा रोग नव्हे काय, अशी शंका साहजिकच येईल. व्यायामाचा भार घटका-दोन घटकांचा असतो, आणि त्यानंतर हृदयास विसांवा मिळतो. रक्तदाबाच्या विकारांत मात्र भार आठहि प्रहर राहतो. भिंत जाड होते तशीच ताठरहि होते, व हृदय नीट भरत नाहीं. खेळाडूनें मेहनत थांबविली तर कांहीं आठवड्यांत अथवा महिन्यांत वाढ बव्हंशीं ओसरूं लागते.

यावरून घरोघरच्या प्रौढांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. वर्षानुवर्षें बैठें काम केलेल्यानें आरंभ चालण्यानें करावा. कोरड्या भुसभुशीत वाळूंत श्रम बरेच वाढतात, म्हणून प्रथम टणक वाळू बरी. वजनें हलकीं घ्यावीं, हळूहळू वाढवावीं, आणि उचलतांना श्वास सोडावा, कोंडूं नये. रक्तदाब असेल त्यानें आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. श्रमांत छाती आवळल्यासारखी वाटली, भोंवळ आली किंवा नेहमींपेक्षां अधिक धाप लागली, तर तत्क्षणीं थांबून डॉक्टर गांठावा. हृदयास मेहनतीचें भय नाहीं. भय आहे तें तयारीवांचून एकाएकीं पडणाऱ्या भाराचें.