एका फोटोचा एक रुपया

रघुवीर सिंह यांनी १९९८ साली आपल्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथाला एक निबंध जोडला आणि भारतातल्या तमाम कृष्णधवल छायाचित्रकारांना जवळजवळ परदेशी ठरवून टाकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की भारतीय माणूस रंगातच पाहतो. आपली लघुचित्रं रंगातली, सण रंगातले, लुगडी-पागोटी रंगातली. कृष्णधवल छायाचित्रण आलं ते पाश्चात्त्य आधुनिक माणसाच्या अपराधभावातून, परकेपणातून, मरणाच्या सावलीतून. त्याच्याशी आपलं नातं नाही. हे म्हणणारा माणूस ऐरागैरा नव्हता. १९६६ साली जयपुरात त्यांनी छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँला रस्त्यावर काम करताना जवळून पाहिलं होतं. त्याच्याकडून त्यांनी चौकट घेतली, करडेपणा मात्र घेतला नाही, आणि पुढे रंगीत फिल्मवरच आयुष्य काढलं. मुंबईवरचं त्यांचं १९९४चं पुस्तक चाळताना दुकानांच्या काचा, आरसे आणि त्यांत एकमेकांवर चढलेली गर्दी पाहून आजही थक्क व्हायला होतं.

तरी तो निबंध मला पटत नाही, आणि न पटूनही सुटत नाही. माझ्या डोळ्यांपुढे जी मुंबई येते ती करडीच असते. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली, रद्दीतून उचललेले ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे अंक, चाळीतल्या कुणाच्या तरी अल्बममधले कोपरे मुडपलेले फोटो हा नाद मला फार जुना आहे. हे सगळं पाहणारे डोळे भारतीय नव्हते असं कसं म्हणायचं?

मराठी घराची एखादी जुनी भिंत आठवून पाहावी. गिरगावात १८९४ साली सुरू झालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती रंगात घरोघरी पोचवल्या. त्याच भिंतीवर शेजारच्या खिळ्याला आजोबा लटकत असत, आणि ते करडे असत. देव रंगीत, माणसं करडी, अशी सरळ वाटणी होती, आणि ती कुणाला खटकत नव्हती. रंगाची हौस होतीच, सिंहांचं तेवढं खरं. ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला, प्रती जर्मनीत काढून आणल्या, आणि रंग काही जमले नाहीत. परत सगळे निमूट कृष्णधवलकडे वळले, आणि त्याच ‘प्रभात’ने पुढच्या काही वर्षांत जे सिनेमे काढले ते परक्या डोळ्यांचे होते असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई मी झटपट उरकतो, कारण तिच्यात रस्त्यावरचं जगणं जवळजवळ नाहीच. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या पहिल्या हौशी लोकांतले. पण ओली काच, ती सुकायच्या आत धुवायची घाई आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर एवढ्या सामग्रीवर चालती गर्दी पकडता येत नसे. भर बाजारातला रस्ता फोटोत ओसाड दिसे. विल्यम जॉन्सनने तर यावर भलतीच तोड काढली. मुंबईतल्या जातीजमातींवरच्या त्याच्या दोन खंडांत (१८६३ आणि १८६६) माणसं एकीकडे उभी करून टिपली आहेत आणि मागची मुंबई दुसऱ्याच फोटोतून आणून जोडली आहे. शहर आणि शहरातली माणसं एका चौकटीत यायला कात्री-डिंक लागत होता! ती दोन्ही एका झटक्यात पकडता येऊ लागली ती हातात मावणारा कॅमेरा, चपळ फिल्म आणि फोटो छापणारं वर्तमानपत्र ही तिन्ही हाताशी आल्यावरच.

सिंहांना चित्रांनीच उत्तर देणारे पुष्कळ निघाले. रघू राय यांचा १९९५चा चर्चगेट स्टेशनचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. शटर मंद ठेवल्यामुळे गर्दीचा नुसता धूर झालेला आणि त्यात पेपर वाचणारा माणूस तेवढा ठाम. पाब्लो बार्थोलोम्यूची सत्तर-ऐंशीच्या दशकांतली मुंबई तशीच करडी. केतकी शेठ यांची गोष्ट तर गमतीची. त्यांच्या जडणघडणीत खुद्द रघुवीर सिंहांचा हात होता, आणि शिष्येचं ‘बॉम्बे मिक्स’ हे २००७चं मुंबईच्या रस्त्यांवरचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत कृष्णधवल! आणि सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, त्यांच्यासमोर उभं राहून ‘परकेपणा हा आपला अनुभव नाही’ हे वाक्य कुणी मोठ्याने म्हणून दाखवावं. तिथे कचऱ्यात रंग कमी नसतात. ते रंग काढून टाकले म्हणूनच नजर कचऱ्यावरून उठून माणसाच्या चेहऱ्यावर जाते. माझ्या मते या वादातलं हे सगळ्यात भक्कम उत्तर आहे.

सगळ्यात जुनं उत्तर मात्र सिंहांच्या जन्माआधीच दिलं गेलं होतं. ते जन्मले १९४२ साली. ते उत्तर देणाऱ्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला त्याच साली मुंबई सोडून दिल्लीला गेल्या.

होमाईंची दिल्ली सगळ्यांना पाठ आहे. कबुतर सोडणारे नेहरू, माउंटबॅटन, ‘डीएलडी १३’ नंबरच्या गाडीवरून पडलेलं ‘डालडा १३’ हे टोपणनाव, २०११चं पद्मविभूषण. ते सगळं बाजूला ठेवतो. मला अडकवून ठेवलं आहे ते त्याआधीच्या मुंबईतल्या थोड्याशा वर्षांनी, ज्यांच्याकडे फारसं कुणी वळून पाहत नाही.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ चा, नवसारीतला. वडील उर्दू-पारशी नाटक मंडळीत नट, त्यामुळे बिऱ्हाड सतत फिरतीवर; शेवटी मुंबईत स्थिरावलं. होमाईंनी सर ज. जी. कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतलं. कॅमेरा मात्र त्यांच्या हातात शाळेने दिला नाही. तो दिला माणेकशा व्यारावालांनी. माणेकशा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबाच्या कामावर होते आणि फोटोही काढत. दोघांची ओळख १९२६ सालची, लग्न १९४१चं. मधल्या पंधरा वर्षांत होमाई फोटोग्राफर झाल्या.

त्यांचे पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते? मुंबईतल्या एका महिला मंडळाच्या सहलीचे. ना मोर्चा, ना पुढारी, ना दंगल. बायका घराबाहेर पडून मजेत दिवस घालवताहेत, एवढीच बातमी. फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ते छापले आणि दर फोटोमागे एक रुपया दिला. हा एक रुपया मला सिंहांच्या निबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. रोजच्या जगण्याच्या फोटोला बाजारात किंमत आहे हे त्याने ठरवलं, आणि तो फोटो कोणत्या रंगाचा असणार हेही. वर्तमानपत्राचा हाफटोन ब्लॉक म्हणजे काळ्या शाईचे बारीक ठिपके, रंगाला तिथे दारच नव्हतं. पण या ठिपक्यांतूनच लाखो लोक आपलं शहर पाहायला शिकले. ब्लॉक चांगला उठायचा तर उजेड कुठून यावा, साडीचा काठ मागच्या भिंतीपासून वेगळा कसा दिसावा, याचा विचार बोट दाबायच्या आधीच करावा लागे. ही शिस्त फोर्टमधल्या छापखान्यांनी लावलेली आहे. तिच्यात युरोपातल्या कुणाचा अपराधभाव शोधायला जाऊ नये.

कलाशाळेतली मैत्रीण रेहाना मोगल त्यांच्या त्या काळच्या फोटोंत पुन्हा पुन्हा दिसते. हे फोटो मी जितके पाहतो तितकं जाणवतं, की ही काही ‘मॉडेल’ नव्हे. ती मैत्रिणीकडे पाहते आहे, आणि कॅमेरा मध्ये आहे याचं तिला काही वाटत नाही. तिसाच्या दशकातल्या मुंबईतल्या शिकणाऱ्या, हिंडणाऱ्या मुली दाखवणारे फोटो मुळात किती थोडे आहेत! पुरुषांनी काढलेल्या फोटोंत बायका एकतर नटून बसलेल्या असतात, नाहीतर डोक्यावर काहीतरी वाहून नेत असतात.

यात यंत्राचाही भाग आहे. होमाईंचा आवडता कॅमेरा रोलायफ्लेक्स. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरून वरून काचेत बघायचं. काचेतलं चित्र सरळ उभं असतं, पण डावं-उजवं उलटं. एका रोलवर चौरस बारा फोटो. समोरच्याला दिसते ती मान खाली घालून एका डबीत डोकावणारी साडीतली बाई. तिची नजर आपल्यावर रोखलेली नाही म्हणून माणूस सावध होत नाही. होमाईंनीच पुढे सांगितलं आहे, की लोकांना वाटे ही बाई उगीच मिरवते आहे. आणि त्यामुळे जिथे इतरांना हटकलं असतं तिथेही आपल्याला कुणी अडवलं नाही. फोटो छापून आले तेव्हा लोकांना कळलं, की बाई मन लावून काम करत होती.

छापून आले, पण कुणाच्या नावावर? युद्ध सुरू झाल्यावर स्टॅन्ली जेप्सन संपादक असलेल्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’चं काम होमाईंना मिळू लागलं, आणि त्या सुरुवातीच्या काळात त्यांचे फोटो माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध झाले. होमाई अनोळखी होत्या आणि बाई होत्या, ही त्यामागची दोन कारणं. माणेकशांना यात खलनायक करायचा माझा विचार नाही. त्यांनी विद्या दिली, कॅमेरा दिला, बाजारात चालणारं नावही वापरू दिलं. तरी याचा एक परिणाम आजही भोगावा लागतो. रस्त्यावर ज्या बाईपणाने होमाईंना मोकळीक दिली, त्याच बाईपणाने छापील पानावर त्यांचं नाव पुसलं. राजधानीतल्या फोटोंना हा त्रास नाही, तिथे त्यांचं नाव ठसठशीत आहे. मुंबईच्या फोटोंवर आहे तो व्यारावाला या आडनावाचा शिक्का, आणि दोघंही त्याच शहरात, त्याच अंकांसाठी काम करत होते.

सबीना गडिहोक यांनी २००६च्या आपल्या पुस्तकात होमाईंना स्वतः बोलतं केलं, म्हणून एवढं तरी हाती आलं. २०१० साली होमाईंनी आपला संग्रह अलकाझी प्रतिष्ठानकडे सोपवला आणि १५ जानेवारी २०१२ रोजी त्या वडोदऱ्यात गेल्या. त्यानंतर जो उठतो तो नेहरूंकडे जातो. माझं म्हणणं, कुणीतरी तरुण अभ्यासकाने ‘वीकली’चे १९३९ ते १९४२ चे खंड घेऊन बसावं आणि माणेकशांच्या नावाखालचा एकेक फोटो संग्रहातल्या निगेटिव्हशी ताडून पाहावा. जिथे जुळेल तिथे पेन्सिलीने होमाईंचं नाव लिहावं. ग्रंथपाल रागावतील, रागावू देत.