नव्या गोंदणाची निगा : शब्द आणि व्यवहार

गोंदण हा जसा अलंकार आहे, तशीच ती एक जखमही आहे. सुईने त्वचा भेदून तिच्या आत रंग ठेवणे एवढाच गोंदण्याचा व्यापार. परंतु भेदलेली त्वचा पूर्ववत् होईपर्यंत जो काळ जातो, त्या काळातील निगेवर गोंदण नीट उमटणार की बिघडणार हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी गोंदणाच्या आकृतींकडे व त्यांमागील श्रद्धांकडे लक्ष पुरविले आहे. या मधल्या काळाकडे मात्र त्या मानाने कमीच. बुलढाणा जिल्ह्यातील बोलीव्यवहार समोर ठेवून या काळाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठी ‘गोंदणे’ आणि हिंदी ‘गोदना’ हे एकाच कुळातले शब्द होत. हिंदीत ‘टोचणे’ हा अर्थ अद्याप जिवंत आहे. मराठीत तो मागे पडून त्वचेवरील नक्षीपुरताच अर्थ उरला. ‘गोंदवून घेणे’ या प्रयोजक रूपाने दुसऱ्याच्या हातचे काम सूचित होते. ‘गोंदण’ हे नाम क्रिया व तिचे फळ या दोहोंनाही लागते. मात्र क्रिया संपून फळ हाती येईपर्यंतच्या अवस्थेला स्वतंत्र नाव नाही. अलीकडे रूढ झालेला ‘टॅटू’ हा शब्द मूळचा पॉलिनेशियातील. कुकच्या १७६९ मधील ताहिती बेटाच्या भेटीनंतर तो इंग्रजीत शिरला व तेथून मराठीत आला. त्यालाही ही उणीव भरून काढता आलेली नाही.

तथापि नामाची ही उणीव मराठीने क्रियापदांनी भरून काढली आहे. ताजी जखम प्रथम चुरचुरते, मग सुजते व ठणकते, पुढे खपली धरते, नंतर खाजते, शेवटी खपली पडून खालची त्वचा काही दिवस हुळहुळत राहते. जखम बिघडली तर ती पिकते, चिघळते. ही क्रियापदे परस्परांचे पर्याय नव्हेत. ‘पिकणे’ म्हणजे पू धरणे. ‘चिघळणे’ म्हणजे भरून न येता ओलसर राहून पसरणे. जिल्ह्यातील वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने ‘ठणकते’चे ‘ठनकते’ व ‘चिघळले’चे ‘चिघयलं’ होते. उच्चार बदलला तरी भेद कायम राहतो.

शरीरशास्त्र या क्रमाला दुजोरा देते. बाह्यत्वचेच्या पेशी सुमारे महिनाभरात झडून नव्या येतात. म्हणून रंग तेवढ्यावरच राहिला तर टिकत नाही. तो तिच्याखालील अंतस्त्वचेत जावा लागतो. तेथे शरीरातील भक्षक पेशी रंगकणांना परके समजून गिळतात, परंतु त्यांना ते पचविता येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांनी असे दाखविले की, अशी पेशी मेली म्हणजे तिच्यातून सुटलेला रंग शेजारची नवी पेशी गिळते. गोंदणाचे चिरंतनत्व हे अशा अखंड हस्तांतरणाचे फळ आहे. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या मानवदेहावर काजळीचे गोंदण अद्याप स्पष्ट दिसते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. मेल्यावर दागिने काढून घेतले जातात, गोंदण तेवढे सोबत येते, या स्त्रियांच्या श्रद्धेला असा एक भौतिक आधारही आहे.

आता निगेचा व्यवहार. खेडोपाडी फिरणाऱ्या गोंदणारणी आता विरळ झाल्या असून जत्रांतून व शहरांतून विजेच्या यंत्राने गोंदण्याचा प्रघात आहे. दिव्याचे काजळ, सुयांची जुडी, आणि काम संपल्यावर हळद व तेल, ही जुनी पद्धत होती. काही ठिकाणी शेणाचा वा राखेचा लेपही देत. यांपैकी शेण सर्वस्वी वर्ज्य मानले पाहिजे, कारण त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हळदीत जंतुरोधक गुण आहे, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु डब्यातील हळद निर्जंतुक नसते, म्हणून उघड्या जखमेवर ती लावू नये. तेलामागील हेतू मात्र योग्य होता : त्वचा कोरडी पडून तडकू नये. तेच काम आज साध्या, सुगंधरहित मलमाचा पातळ थर करतो. थर जाड झाला तर ओल कोंडून जखम चिघळण्याचा संभव वाढतो.

गोंदणाला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दिवसातून दोनतीन वेळा स्वच्छ पाणी व सौम्य साबण यांनी जागा हळुवार धुऊन, न घासता, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी. खपली नखाने काढू नये. तिच्याबरोबर रंगही निघतो आणि आकृतीत खंड पडतो. खाज सुटली म्हणजे खाजवू नये. भरून येण्याचे ते सामान्य लक्षण आहे. दोनतीन आठवडे विहीर, नदी, तळे यांत डुंबू नये. लोणारच्या धारेखालचे स्नानही तोवर पुढे ढकलावे. कापसाच्या वेचणीची वा सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि खतांचा स्पर्श टाळावा. शेतात जाणे अपरिहार्य असेल तर सैल सुती कापडाने जागा झाकावी. उन्हापासूनही ती जपावी. वरची त्वचा साधारणतः दोन ते चार आठवड्यांत भरते. आतील भरणी त्यानंतरही चालू असते.

ही सर्व निगा सुई निर्जंतुक होती असे गृहीत धरते. अनेकांना एकच सुई वापरली तर कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो; तो नंतरच्या कोणत्याही मलमाने टळत नाही. म्हणून नवी सुई आणि प्रत्येकासाठी वेगळा काढलेला रंग यांचा आग्रह धरणे हीच निगेची पहिली पायरी होय. याच कारणास्तव भारतात गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही.

पहिल्या दोनतीन दिवसांची लाली व सूज स्वाभाविक असते. त्यानंतर ती ओसरण्याऐवजी वाढू लागली, जागा गरम लागली, पू आला, लाल रेषा पसरू लागल्या किंवा ताप चढला, तर विलंब न करता वैद्यकीय उपचार घ्यावेत. येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. आरोग्यकेंद्रात आलेल्या रुग्णाच्या तोंडी ‘खाजते’ आहे, ‘ठनकते’ आहे की ‘चिघयलं’ आहे, यावरून प्रकृतीची तीन भिन्न चित्रे उभी राहतात. परमुलखातून आलेल्या डॉक्टरने तिन्हींची नोंद ‘त्रास होतो’ अशी केली, तर निदानाचा एक महत्त्वाचा धागा हातचा जातो. जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत कोरकू आणि निहाली भाषकही राहतात. निहालीचे कोणत्याही भाषाकुलाशी नाते सिद्ध झालेले नाही. तिच्यातील वेदनावाचक शब्द केवळ अंदाजाने कळण्यासारखे नाहीत.

तात्पर्य, बोलीतील दुखण्याच्या शब्दांचे संकलन हे केवळ कोशाचे काम नव्हे. ‘गोंदण’ जाऊन ‘टॅटू’ आला तरी त्वचा तीच आहे आणि भरून येण्याचा क्रमही तोच आहे. नामाबरोबर ही क्रियापदेही विस्मृतीत गेली, तर जखम सांगण्याचे साधनच उणे होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यात गोंदणाच्या आकृती उतरवून घेताना, ते भरून येताना काय काय झाले, हेही सांगणाऱ्याच्या शब्दांत टिपून घेणे अगत्याचे आहे.