आगरात सापडलेला खडखडाट



टोळ्या, काटा, उतारा आणि पहिला हप्ता यांविषयी या पानांवर नेहमीच वाचायला मिळते. आज एका आवाजाची हकिकत सांगतो. ज्यांची ट्रक ऊस वाहतुकीला आहे त्यांनी जरूर वाचावी, आणि ज्यांच्या दारात नुसता ट्रॅक्टर आहे त्यांनीही. कारण पुढे येईल.

हंगाम संपून भोंगा बंद झाला की गाडी दारात उभी राहते, पण बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी गाडी किनाऱ्याच्या भाड्याला लावतो. जाताना कांदा, येताना डहाणूचा चिकू. मध्यंतरी दोन उन्हाळे मासळी आणि बर्फाचीही भाडी केली. पैसे बरे मिळाले. त्या बर्फाने काय केले ते नंतर कळले.

२०१८-१९ च्या हंगामात, संक्रांतीच्या सुमारास, गाडीखाली खडखड सुरू झाली. भरलेली गाडी गव्हाणीकडे येताना चिडीचूप. खाली करून परत निघाली, उतार लागला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आवाज हजर. आमचे ड्रायव्हर मामा चौदा वर्षे माझ्याकडे आहेत. ते म्हणाले, "मालक, हा आवाज बरा नाही."

मग सुरू झाली गॅरेजवारी. पहिल्याने सायलेन्सरचा क्लँप बदलला. दुसऱ्याने कमानीचे पिन-बुश काढून नवे घातले. तिसऱ्याने शाफ्टचे सेंटर बेअरिंग बदलले. दर वेळी आवाज दोन दिवस दबल्यासारखा वाटे आणि परत सुरू. साडेअकरा हजार रुपये गेले. शेवटी एकाने निकाल दिला, "रिकामी गाडी वाजणारच." यात अगदीच खोटे नव्हते. मागच्या कमानीवरचे जादा पाटे भार आल्यावरच टेकतात. गाडी रिकामी असली की ते खड्ड्याखड्ड्याला आपटतात. पण ते खड्ड्यात आपटतात, सपाट डांबरावर नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

माझ्या डोक्यात दुसरेच आले. मामा आणि गॅरेजवाले मिळून बिले काढत असावेत असे मला वाटू लागले, आणि एके दिवशी ओट्यावर, चार माणसांदेखत, मी ते बोलूनही गेलो. मामा काही बोलले नाहीत. चावी ओट्यावर ठेवली आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बोलावून आणावे लागले. आले, पण मनात गाठ राहिली ती राहिलीच.

एप्रिलमध्ये कांद्याच्या खेपेला मी स्वतः केबिनमध्ये बसलो. खरे सांगायचे तर मामांवर नजर ठेवायलाच. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, मग चारोटीला अहमदाबाद हमरस्ता ओलांडून डहाणू. पूर्वी हा ठाणे जिल्हा होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर झाला. कांदा उतरवला आणि चिकू भरायला डहाणूला लागून असलेल्या आगरात निघालो. आपल्याकडे आगर म्हणजे पिकाचे आगर, उसाचे आगर. किनाऱ्यावर मीठ पिकते ते मिठागर आणि नारळी-पोफळीची वाडी तेही आगर. चिकूच्या वाड्या बघत राहाव्यात अशा. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण माझे लक्ष वाडीकडे नव्हते. सपाट डांबरी रस्ता, गाडी रिकामी, आणि खालून खडखड, खडखड. पहिल्यांदाच मी ती नीट ऐकली.

वाटेत एका झाडाखाली पत्र्याची शेड होती. म्हातारे मिस्त्री विडी ओढत बसले होते. मी आवाजाची नक्कल करून दाखवू लागलो तसे त्यांनी हात वर केला. "शेठ, काय वाजते ते राहू दे. कधी वाजते ते सांगा."

मला सांगता येईना. मामांनी सांगितले. भरलेली असताना नाही, पाय काढल्यावर, सपाटीला, वेग कमी होताना. मिस्त्रींनी मान हलवली. आधी गाडी जागेवर उभी करून रेस करायला लावली. आवाज नाही. म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर सुटले. मग न्यूट्रलमध्ये हळूच सोडायला सांगितली. आवाज आला. म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे, फिरणाऱ्या कशात तरी. मग त्यांनी मागच्या चाकाला खडूने पांढरी रेघ मारली आणि आमच्या क्लीनर पोराला शेजारून चालत मोजायला लावले. चाकाचा एक फेरा पुरा होईस्तोवर आवाज पाच-सहा वेळा येत होता. चाक, हब किंवा ड्रममधला आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर आला असता. चाकाच्या एका फेऱ्यात पाच-सहा वेळा फिरतो तो शाफ्ट. चार पैशांच्या खडूने अर्धी गाडी बाद केली.

चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडी न्यूट्रलला ठेवली आणि मिस्त्री खाली शिरले. आमच्या शाफ्टचे दोन तुकडे आणि तीन क्रॉस. पुढचा ठीक, मागचा ठीक. सेंटर बेअरिंगमागचा मधला क्रॉस दोन हातांनी उलटसुलट पिळला तर कट्-कट् वाजला. "या, बघा," म्हणाले. मी शर्ट न काढता तसाच आत गेलो. क्रॉसच्या एका कपाभोवती तांबडी भुकटी जमली होती, कुंकवासारखी. आतल्या सुया दळून गंजाचे पीठ झाले होते.

पोराने ग्रीस मारले नव्हते का? मारले होते, दर आठवड्याला. पण बर्फाच्या भाड्यात फाळक्यातून गळणाऱ्या खाऱ्या पाण्याने त्या क्रॉसचे निपल आतून बसले होते. ग्रीस बाजूने बाहेर येई आणि पोराला वाटे भरले. चारही कपांतून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबायची असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मीही नाही. भरलेल्या गाडीत शाफ्टवर एकाच बाजूने ताण असतो, म्हणून ढिलेपणा दबून राही. पाय काढला की ताण जाई आणि क्रॉस खुळखुळे.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. बेअरिंग बदलताना कोणीतरी शाफ्ट खुणा न करता उतरवून तसाच चढवला होता. वाकड्या कोनात क्रॉसने फिरवलेला दांडा एकसारखा फिरत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा रेंगाळतो. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने हा सांधा ओळखला जातो. दुसरा क्रॉस ती चूक उलटी करून फेडतो, पण दोन्हीकडचे काटे एका रेषेत असतील तरच. आमचे नव्हते. म्हणजे आवाज घालवायला दिलेल्या पैशांनी क्रॉसचे मरण आणखी जवळ आणले. रोटाव्हेटरच्या शाफ्टलाही दोन्ही टोकांना हाच क्रॉस असतो, म्हणून वर ट्रॅक्टरवाल्यांचे नाव घेतले.

"हा तुटला असता तर?" मी विचारले.

मिस्त्रींनी हाताने दाखवले. मागचा दांडा पुढच्या तोंडाने रस्त्यावर पडतो. गाडी पुढे पळतच असते. दांडा खड्ड्यात रुतला तर गाडीच उचलतो. ब्रेकच्या हवेचे पाइप शेजारीच असतात. आणि घाटात गाडी इंजिनच्या धाकात राहत नाही, नुसती चाकांवर सुटते.

मी मामांकडे पाहिले. याच गाडीतून टोळी ने-आण केली होती. मार्चअखेर परत पाठवताना हौद्यात बायका, लेकरं, कोंबड्या, भांडीकुंडी होती. तेव्हाही आवाज येत होता आणि मामा तीस-पस्तीसच्या वर गाडी चालवत नव्हते. डिझेल आणि वेळ फुकट घालवतात म्हणून मी त्या दिवशीही बोललो होतो.

नवा क्रॉस हजार-बाराशेला डहाणूत मिळाला. तो बसवेस्तोवर संध्याकाळ झाली. वाडीचे मालक वाट पाहून रागावले होते. चिकू वेळेवर बाजारात गेला नाही तर मऊ पडतो, त्यांचे चुकत नव्हते. भाड्यातून काही रक्कम सोडून द्यावी लागली. रात्री भरलेल्या गाडीने जव्हारकडची चढण लागली. खालून काहीच आवाज नव्हता. मोखाड्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी मामांना म्हटले, "ओट्यावर बोललो ते चुकलं माझं. चार लोकांत बोललो, चार लोकांतच सांगेन." ते म्हणाले, "चहा गार होतोय."

ओट्यावर मी सांगितले. तो जुना क्रॉस आमच्या गट ऑफिसात टेबलावर ठेवला आहे. दसऱ्याआधी ज्यांच्या गाड्या तपासणीला येतील त्यांनी हातात घेऊन पाहावा. ग्रीसगन घेऊन आमचा क्लीनर पोरगा तिथे असेल. निपल वर तोंड करून बसले असेल तर गाडी हातभर पुढे ढकलून ते खाली कसे आणायचे, ते तो दाखवतो.